ग्लू लावायच्या आधी लेझर: नवीन लोकांसाठी सगळ्या पायऱ्या

ग्लूने जोडलेल्या दोन पट्ट्या मशीनवर ओढून तोडल्या की सगळ्यांचं लक्ष आधी स्क्रीनवरच्या आकड्याकडे जातं, माझंही जायचं. आता मी आधी तुटलेली तोंडं बघते. एका पट्टीवर ग्लूचा अख्खा थर जसाच्या तसा बसलाय आणि दुसरी पट्टी लख्ख, जणू तिला कधी ग्लू लावलाच नव्हता, असं दिसलं तर ग्लू तुटलेलाच नसतो, त्याने पत्र्याला नीट धरलेलंच नसतं. याला ॲडहेसिव्ह फेल्युअर म्हणतात. दोन्ही पट्ट्यांवर ग्लू राहिला, म्हणजे थर मधूनच फाटला, तर ते कोहेसिव्ह फेल्युअर. लेझर ट्रीटमेंटचा सगळा खटाटोप पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्यासाठी असतो, एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. तुमचा जॉइंट आत्ताच कोहेसिव्ह तुटत असेल, कोरडाही आणि ओल्या टेस्टनंतरही, तर लेझर मारून फार काही वाढणार नाही. तिथे चांगला ग्लू घ्या, ओव्हरलॅप (दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात तो भाग) वाढवा, नाहीतर डिझाइन बदला. आणि दोन जाड ब्रॅकेट चिकटवायचेत, वजन काही नाही, पाऊसपाणी लागणार नाही, तर सॅण्डपेपर आणि ॲसिटोन पुरे. लेझरचा फायदा कुठे, तर जिथे तेच काम शंभर वेळा अगदी सारखं व्हायला हवं, जिथे ॲसिडचे टब ठेवायचे नाहीत, किंवा जिथे मोठ्या भागाचा फक्त एक छोटा पट्टा ट्रीट करायचाय. विमानांच्या ॲल्युमिनियमला वर्षानुवर्षं क्रोमिक ॲसिडमध्ये ॲनोडाइझ करायचे, म्हणजे विजेने वर ऑक्साइडचा थर वाढवायचे, त्यातलं हेक्झाव्हॅलेंट क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, आणि युरोपात सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. लोक लेझरकडे वळले त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

लेझर नेमकं करतो काय

पल्स लेझर म्हणजे एकदम छोटे छोटे दणके. नॅनोसेकंद लेझरचा एक दणका काही अब्जांश सेकंद टिकतो, तेवढ्यात पत्र्याचा वरचा पापुद्रा वितळतो, थोडा वाफ होऊन उडतो आणि लगेच गोठतो. या गडबडीत तेलाचे राहिलेले अंश, जुना कमकुवत ऑक्साइड, रोलिंगच्या वेळी दाबली गेलेली घाण हे सगळं जातं, जागेवर नवा ताजा ऑक्साइड बनतो, आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, बोटाला जाणवेल न जाणवेल इतका. स्वच्छता, नवा ऑक्साइड, खडबडीतपणा, ही तीन कामं. नवीन माणूस तिसऱ्याच्या प्रेमात पडतो कारण ते डोळ्यांना दिसतं. खरं काम बहुतेक वेळा पहिली दोन करतात.

मीही त्याच प्रेमात पडले होते. माझ्या पहिल्या पट्ट्यांवर मी मार्किंग मशीनने दहा दहा पास मारून चांगले खोल चर पाडले, नखाने किर्र वाजायचे, म्हटलं आता ग्लू असा अडकेल की बास. वर घट्ट पेस्टवाला इपॉक्सी थापला. तोडल्यावर सॅण्डपेपरवाल्या पट्ट्यांपेक्षाही कमी आकडा आला. भिंगाखाली बघितलं तर चरांच्या तळाशी बारीक बारीक पोकळ्या, घट्ट ग्लू खाली पोचलाच नव्हता, हवा आत कोंडलेली, आणि चरांच्या कडेला वितळून गोठलेल्या धातूचे तुरे, त्यातले काही हलत होते. हलणाऱ्या गोष्टीला ग्लू चिकटला तरी उपयोग काय. अति तिथे माती, ती इथे शब्दशः.

कुठल्या मटेरियलला कुठला लेझर

हे ठरतं तुमचं मटेरियल कुठली वेव्हलेंग्थ शोषून घेतं यावर. फायबर लेझर आणि एनडी-याग १०६४ नॅनोमीटरच्या आसपास असतात, ते धातूंना बरे. ॲल्युमिनियम या वेव्हलेंग्थचा ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतं, तरी पल्सची ताकद एवढी असते की उरलेल्यात काम होतं. स्टील, टायटॅनियम त्याहून सोपे. कार्बन डायऑक्साइड लेझर, जो कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवला, तो १०.६ मायक्रोमीटरचा, प्लास्टिक, रेझिन, काच यांच्यात पटकन शोषला जातो पण उघड्या धातूवरून बहुतेक सगळा परत येतो. ३५५ नॅनोमीटरचा यूव्ही लेझर महाग पण नाजूक कामाला उत्तम.

कार्बन फायबरच्या भागांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे लोक हमखास फसतात. मशीन फायबर लेझरचं आहे म्हणून १०६४ नॅनोमीटर सरळ कार्बन लॅमिनेटवर मारतात. होतं असं की इपॉक्सी रेझिन या प्रकाशाला जवळपास पारदर्शक असतं, प्रकाश रेझिनमधून आरपार जाऊन खालच्या काळ्या तंतूंवर पडतो, तंतू तापतात आणि रेझिन खालून वर फुटून उडतं. वरून बघायला एकदम स्वच्छ, छान विणकाम दिसतं, फोटो काढावा असं. पण तंतूंची रेझिनवरची पकड सुटलेली असते, मग त्यावर केलेला जॉइंट तुटताना वरचा तंतूंचा थर घेऊनच निघतो. यूव्ही असेल तर तो रेझिनमध्येच वरच्या वर शोषला जातो, कार्बन डायऑक्साइडवालाही बऱ्यापैकी तसाच, त्यामुळे वरचा रेझिनचा पातळ थर आणि त्यावरचा मोल्ड रिलीजचा, म्हणजे भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश तेवढाच काढता येतो. खरा शत्रू तो मोल्ड रिलीजच आहे, सिलिकॉन असो की फ्लोरिनवालं. चांगलं ट्रीट झालेलं लॅमिनेट कसं ओळखायचं तर चमक जाऊन मॅट झालेलं असतं, भिंगातून तंतू जेमतेम दिसायला लागलेले असतात पण एकही तुटलेला नाही, आणि सेलोटेप चिकटवून ओढली तर टेपवर काळे दोरे येत नाहीत.

पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लास्टिकला माझं मत विचाराल तर लेझरच्या नादी लागू नका, फ्लेम किंवा प्लाझ्मा जास्त सोपं आहे. पीव्हीसीला तर लेझर लावायचाच नाही, हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसालाही वाईट आणि मशीनलाही.

मशीन चालू करायच्या आधी डोळे

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका. या कामाचे जवळपास सगळे लेझर क्लास ४ चे असतात, म्हणजे थेट किरण तर सोडाच, भिंतीवरून विखुरलेला प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. १०६४ नॅनोमीटर दिसत नाही. डोळ्याची पापणी मिटायची सवय दिसणाऱ्या प्रकाशाला असते, याला ती मिटतच नाही, आणि डोळ्याची लेन्स तो सरळ पडद्यावर फोकस करते. मशीनवर जो लाल ठिपका दिसतो तो फक्त पॉइंटर असतो, बरेच नवीन लोक त्यालाच लेझर समजतात आणि ठिपका बंद म्हणजे धोका नाही असं धरून चालतात. त्यात तुम्ही मारताय चकचकीत ॲल्युमिनियमवर, म्हणजे आरशावरच.

बंद कॅबिनेट, दार उघडलं की लेझर बंद करणारा इंटरलॉक, आणि चष्मा तुमच्याच वेव्हलेंग्थचा. चष्म्यावर वेव्हलेंग्थ आणि ओडी, म्हणजे प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा, छापलेला असतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येणार. कार्बन डायऑक्साइड लेझरचा पारदर्शक चष्मा १०६४ ला काहीही अडवत नाही, दोन्ही मशीन एकाच खोलीत असतील तर चष्म्यांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

धूर ओढणारं मशीन हवंच. ॲल्युमिनियमची अगदी बारीक पूड स्फोटक असते, मॅग्नेशियमची तर विचारू नका, पेटलं तर पाणी मारायचं नाही, धातूच्या आगीची वेगळी पावडर लागते. गॅल्व्हनाइझ्ड पत्र्यावरून जस्ताची वाफ निघते. कार्बन फायबरची धूळ वीज वाहून नेते, ती कंट्रोल पॅनेलमध्ये गेली की मशीन वेड्यासारखं वागायला लागतं. फिल्टर साफ करताना मास्क, आणि ठिणगी उडेल असं काही जवळ नको.

पायरी पहिली: पट्ट्या कापा आणि पुसा

खऱ्या पार्टवर पहिला प्रयोग करू नका. सिंगल लॅप शिअरच्या पट्ट्या बनवा, म्हणजे दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांवर ठेवून चिकटवायची आणि दोन्ही बाजूंना ओढून तोडायची. आयएसओ ४५८७ मध्ये २५ मिलिमीटर रुंद, १.६ मिलिमीटर जाड आणि १२.५ मिलिमीटर ओव्हरलॅप असतो, एएसटीएम डी १००२ जवळपास तसंच इंचांच्या हिशोबात. पत्रा मऊ घेऊ नका. हिशोब करून बघा: ओव्हरलॅपचं क्षेत्र साधारण ३१२ चौरस मिलिमीटर, चांगला इपॉक्सी २५ मेगापास्कलला तुटला तर जोर झाला जवळपास ७८०० न्यूटन, आणि तो येतो पत्र्याच्या २५ गुणिले १.६ म्हणजे ४० चौरस मिलिमीटरवर, म्हणजे पत्र्यात १९५ मेगापास्कल. मऊ ॲल्युमिनियम त्याच्या आधीच ताणलं जातं, वाकतं, ओव्हरलॅपच्या टोकाला ग्लू सोलल्यासारखा निघतो, आणि तुम्हाला वाटतं ट्रीटमेंटने काही फरकच पडला नाही. ६०६१ टी६ किंवा २०२४ टी३ हे ॲल्युमिनियमचे कडक प्रकार घ्या.

तीन गट करा: नुसतं पुसलेलं, पुसून सॅण्डपेपर मारलेलं, पुसून लेझर मारलेलं. प्रत्येकात किमान ५ पट्ट्या. तुलनेला काही नसेल तर लेझरवाला आकडा एकटा बघून काहीच कळत नाही, आणि पहिले दोन गट कंटाळा करून टाळणारे लोक पुढे जाऊन सॅण्डपेपरने झालं असतं ते काम लेझरने करत बसतात.

पुसणं म्हणजे ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरं धागे न सोडणारं कापड, एकाच दिशेने, आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्यायचं. ॲसिटोन हवेत सुकू दिलं तर त्यात विरघळलेलं तेल परत तिथेच पातळ पसरून बसतं. मागेपुढे घासलं तर तेच. कापड काळं येणं बंद होईपर्यंत नवीन कापड घेत राहा. "लेझर सगळं जाळतोच की, मग पुसायचं कशाला?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जाड तेल जळून काजळी होते आणि ती नव्या ऑक्साइडमध्ये भाजून बसते, म्हणून. प्लास्टिकवर आणि लॅमिनेटवर ॲसिटोन आधी कोपऱ्यात लावून बघा, काही प्लास्टिकं विरघळतात. नायट्राइलचे पावडर नसलेले हातमोजे घाला आणि त्याच मोज्यांनी चेहरा, फोन काही हाताळू नका.

पायरी दुसरी: सेटिंगचा हिशोब

मशीनवर पॉवर, फ्रीक्वेन्सी, स्पीड, हॅच हे चार आकडे भरायचे असतात, आणि नवीन माणूस ते कुठून तरी बघून जसेच्या तसे टाकतो. तसं करू नका, कारण दुसऱ्याच्या मशीनचा स्पॉट (एका पल्सचा ठिपका) वेगळा, लेन्स वेगळी, पल्सची लांबी वेगळी. चार आकड्यांमागे तीन गोष्टी आहेत त्या काढायला शिका, कागदावर पाच मिनिटांचं काम.

एक, पल्सची एनर्जी. पॉवर भागिले फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती पल्स. २० वॉट आणि ५० किलोहर्ट्झ असेल तर एका पल्समध्ये ०.४ मिलिजूल.

दोन, फ्लुएन्स, म्हणजे तेवढी एनर्जी किती जागेत पडली. स्पॉट ५० मायक्रॉनचा असेल तर साधारण २० जूल प्रति चौरस सेंटिमीटर. धातूंवर नॅनोसेकंद लेझरने वितळायला सुरुवात व्हायला साधारण काही जूल लागतात, म्हणजे २० म्हणजे बऱ्यापैकी जोरात मारणं झालं. आता फोकस जरा सोडून स्पॉट १०० मायक्रॉन केला तर क्षेत्र चौपट, फ्लुएन्स ५ वर आला. पॉवरला हातही न लावता. म्हणूनच पट्टी जरा वाकडी बसली तरी एका टोकाला रंग वेगळा येतो, आणि लोक मशीनला शिव्या घालतात.

तीन, ठिपक्यांचा ओव्हरलॅप, म्हणजे एक ठिपका दुसऱ्यावर किती चढतो. स्पीड १००० मिलिमीटर प्रति सेकंद आणि ५० किलोहर्ट्झ, म्हणजे दोन ठिपक्यांत २० मायक्रॉन अंतर. स्पॉट ५० चा असेल तर ६० टक्के ओव्हरलॅप. वरच्यासारखा १०० चा स्पॉट केला तर तोच ओव्हरलॅप ८० टक्के होतो, तेव्हा स्पीड दुप्पट करायचा म्हणजे परत ६० वर आलात. हॅच म्हणजे दोन ओळींतलं अंतर, तेही स्पॉटपेक्षा जास्त ठेवलं तर मध्ये न लागलेले पट्टे राहतात, आणि घाण नेमकी तिथेच.

वेळेचा अंदाजही यातूनच येतो. स्पीड गुणिले हॅच: १००० गुणिले ०.०५, म्हणजे सेकंदाला ५० चौरस मिलिमीटर. आपल्या पट्ट्यांच्या ओव्हरलॅपचं क्षेत्र ३१२, सव्वासहा सेकंद, वर किरण फिरवणाऱ्या आरशांच्या उड्यांचा थोडा वेळ. दरवाज्याएवढा पॅनेल करायचा असेल तर हा गुणाकार आधी करा आणि मग साहेबांना तारीख द्या.

सुरुवात कमीपासून करा. एका मोठ्या पत्र्यावर लहान लहान चौकोनांची जाळी काढा, आडवा स्पीड बदलत न्या, उभी पॉवर. एक पास. जाळीत एका टोकाला काहीच झालेलं दिसणार नाही, दुसऱ्या टोकाला काळपट, खरखरीत, कडेला पूड जमलेली. ॲल्युमिनियमवर आपल्याला हवा तो चौकोन मधल्या भागात असतो: फिकट, पांढरट राखाडी, सगळीकडे एकसारखा मॅट, पूड नाही. स्टील किंवा टायटॅनियमवर निळे-सोनेरी रंग आले तर ते ऑक्साइडचा थर जाड होत चालल्याची खूण, दिसायला सुंदर, पण जाड ऑक्साइड ठिसूळ असू शकतो, तेव्हा एक घर मागे या.

पायरी तिसरी: थेंब आणि टेप

प्रत्येक चौकोनावर डिस्टिल्ड पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा. नुसत्या पुसलेल्या भागावर तो भिंगासारखा उभा राहतो, नीट ट्रीट झालेल्या भागावर टेकवताक्षणी पसरतो, कडा शोधायला लागते. पाण्याचा सरफेस टेन्शन ७२ च्या वर असतो आणि इपॉक्सीचा ४० ते ४५ च्या आसपास, म्हणजे जिथे पाणी पसरलं तिथे इपॉक्सी पसरणारच. पण याचा अर्थ जॉइंट पक्का असा लावू नका! सैल पूडही पाणी छान पिते. म्हणून त्याच चौकोनावर पारदर्शक टेप दाबून ओढा आणि ती पांढऱ्या कागदावर चिकटवून बघा. करडी छाप उमटली म्हणजे वर सैल पूड आहे, ग्लू त्या पुडीला धरणार आणि पूड कोणालाच धरत नाही. अशा वेळी पॉवर कमी करा किंवा शेवटी एक हलका, जलद पास मारा.

थेंबाची आणि टेपची पट्टी वेगळी, चिकटवायची वेगळी. टेपचा चिकटपणा मागे राहतोच. डाइन पेनच्या (सरफेस टेन्शन तपासायच्या पेनच्या) शाईचंही तेच.

इथे माझा एक अख्खा आठवडा गेला होता तो सांगते. पट्ट्या मशीनमधून काढल्या की थेंब मस्त पसरायचा, ग्लू लावायच्या टेबलावर आणल्या की तोच थेंब गोळा व्हायचा. सेटिंग बदलली, पत्रा बदलला, ॲसिटोनची नवी बाटली फोडली. शेवटी कळलं की मधल्या टेबलावर मी पूड उडवायला कॉम्प्रेसरची हवा मारत होते आणि त्या लाइनला ऑइल फिल्टरच नव्हता, म्हणजे लेझरने काढलेलं तेल मी स्वतःच्या हाताने परत फवारत होते. पांढऱ्या कागदावर हवा मारून अर्धं मिनिट धरलं तर पिवळसर डाग दिसला. ही टेस्ट फुकट आहे, आजच करून बघा.

पायरी चौथी: घड्याळ लावून ग्लू

ताजा सरफेस भुकेला असतो. हवेतले तेलकट अंश तो खेचत राहतो, आणि लेझरने ट्रीट केलेला धातू जो पहिल्या दिवशी पाणी गटागटा पितो तोच काही दिवस, आठवडे उघडा ठेवला तर कमळाच्या पानासारखं पाणी झटकायला लागतो. तेव्हा शक्यतो काही तासांतच चिकटवा. किती तास चालतील हे तुमच्या हवेवर अवलंबून, तुमच्याच पट्ट्या १ तास, ८ तास, ३ दिवस ठेवून तपासा. लगेच जमणार नसेल तर ट्रीट केल्या केल्या प्रायमर लावून ठेवा. इपॉक्सीसाठी सायलेन प्रायमर चांगला जोडीदार आहे, एका बाजूने ऑक्साइडला धरतो, दुसऱ्या बाजूने इपॉक्सीला, ओलाव्यात टिकायला त्याचा खरा उपयोग.

ग्लूचा थर ०.१ ते ०.३ मिलिमीटर ठेवा. अंदाजाने दाबू नका, त्या मापाचे काचेचे बारीक मणी चिमूटभर टाका किंवा तारेचे दोन तुकडे ठेवा. ग्लू घट्ट असेल तर आधी पातळसा हात प्लास्टिकच्या पट्टीने सरफेसवर दाबून घासून घ्या म्हणजे तो खाचांत उतरतो, मग उरलेला लावा. बाहेर आलेला ग्लू सगळ्या पट्ट्यांवर एकाच पद्धतीने ठेवा किंवा काढा, कारण कडेचा तो ग्लूचा कोपरा आकडा बऱ्यापैकी बदलतो. क्युअरिंग, म्हणजे ग्लू पक्का करणं, डेटाशीटप्रमाणे, आणि तापमान ओव्हनच्या डिस्प्लेवरचं बघू नका, पट्टीवर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून जे येईल ते.

पायरी पाचवी: तोडा, पण कोरडंच तोडून थांबू नका

कोरड्या टेस्टमध्ये सॅण्डपेपर आणि लेझर अनेकदा जवळजवळ सारखेच येतात. मग नवीन माणूस हिरमुसतो. खरा फरक पाण्यात दिसतो. ओलावा ग्लूमधून आणि कडेने आत शिरतो, ऑक्साइडवर पोचतो, आणि ॲल्युमिनियमचा ऑक्साइड पाणी घेऊन हायड्रॉक्साइड होतो, तो फुगीर आणि कमकुवत. आकडा एका दिवसात पडत नाही, पकड आतून हळूहळू सुटत जाते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २८ एप्रिल १९८८ चं. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत २४,००० फुटांवर उडून गेलं, एक केबिन क्रू बाहेर फेकली जाऊन गेली. त्या जुन्या विमानांत पत्र्यांचे जोड रिव्हेटसोबत थंड क्युअर होणाऱ्या ग्लूनेही धरलेले होते. ग्लूची पकड ओलावा आणि गंजाने सुटत गेली, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तिथून फटीग क्रॅक, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून पडलेले तडे, वाढत गेले. ग्लू लावला त्या दिवशी तो जोड पक्काच वाटला असणार. आणि वाईट म्हणजे अल्ट्रासाउंडने पोकळी सापडते, पण नुसता टेकून बसलेला, न धरलेला ग्लू, ज्याला किसिंग बॉण्ड म्हणतात, तो सहसा सापडत नाही. म्हणून प्रोसेसवरच भरवसा ठेवावा लागतो.

तेव्हा अर्ध्या पट्ट्या ६० अंशांच्या पाण्यात दोन आठवडे ठेवा आणि मग तोडा. आकडा थोडा खाली येईलच, कारण इपॉक्सी स्वतः पाणी पिऊन मऊ होतो, त्याला घाबरू नका. बघायचं ते तोंड: अजूनही कोहेसिव्ह आहे का? कडेने आतपर्यंत लख्ख धातूची किनार दिसायला लागली असेल तर पाणी सरफेसवर पोचलंय आणि तुमची ट्रीटमेंट तिथे कमी पडलीय. तोंडांचे फोटो तिरप्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला तर ग्लूचा पातळ थर दिसतच नाही आणि तुम्ही कोहेसिव्हला ॲडहेसिव्ह लिहून मोकळे होता. शंका आली तर तिथेही पाण्याचा थेंब आहेच, उघड्या धातूवर आणि ग्लूच्या थरावर तो वेगळा बसतो.

त्याहून कडक हवी असेल तर वेज टेस्ट, एएसटीएम डी ३७६२. साधारण ३.२ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या, एका टोकात तेवढ्याच जाडीची पाचर ठोकायची, क्रॅकचं टोक भिंगाखाली बघून ओरखडा मारून ठेवायचा, आणि ५० अंश तापमानात दमट हवेत टाकायचं. तासाभराने आणि मग दिवसाने क्रॅक किती पुढे सरकला ते मोजायचं. इथे क्रॅकच्या टोकाला सतत ताण असतो आणि पाणी थेट तिथे पोचतं, त्यामुळे लॅप शिअरमध्ये गोंडस दिसणाऱ्या ट्रीटमेंटचं पितळ एका रात्रीत उघडं पडतं. मशीनही लागत नाही. सेटिंग निवडायला माझ्या मते याहून चांगली टेस्ट नाही, जाळीतले तीन-चार चांगले चौकोन निवडा, त्यांच्या पाचरी ठोका, सकाळी बघा.

वहीत काय लिहायचं

पॉवर, फ्रीक्वेन्सी, स्पीड, हॅच हे सगळेच लिहितात. लेन्स कुठली, फोकसपासून किती वर-खाली, पल्सची लांबी, लेझर मारल्यापासून ग्लू लावेपर्यंत किती वेळ गेला, ग्लूचा बॅच, त्या दिवशीची आर्द्रता, हेही लिहा. सहा महिन्यांनी काहीतरी बिघडलं की नेमकं न लिहिलेल्या रकान्यातच उत्तर असतं.

रोज काम सुरू करताना एक फुकटची पट्टी मारून थेंब ठेवा. काल पसरत होता आणि आज पसरत नाही, तर सेटिंगला हात लावू नका, आधी लेन्सखालची संरक्षक काच काढून उजेडात धरा, बहुतेक वेळा कालचा धूर तिथेच बसलेला असतो.